चटावलेला हुप्प्या आणि आश्वासनांचे केळे

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नागपुरातील एक निवृत्त शिक्षक असून गेली अकरा वर्षे घराजवळच्या सार्वजनिक बागेत रोज पहाटे फिरायला जातो. पूर्वी वानरांची टोळी उन्हाळ्यात येऊन जात असे. आता ती तेथेच मुक्कामाला आहे. दर शनिवारी, मारुतीचा वार म्हणून, अनेक जण केळी, फुटाणे आणि गूळ घेऊन येतात. गेल्या महिन्यात टोळीतील मोठ्या हुप्प्याने माझ्या पत्नीच्या हातातील कापडी पिशवी धरली आणि पत्नी ती सोडेना, तेव्हा दात विचकून तिच्या मनगटावर ओरखडा काढला. पिशवीत पूजेची फुले आणि चष्म्याचे घर, एवढेच होते. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर रोज वाद चालतो. आमचे एक वकील मित्र म्हणतात, "म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, दांडके हाच उपाय." डिसेंबरात हिवाळी अधिवेशनावर येणाऱ्या मोर्चांनाही ते हाच न्याय लावतात. त्यांच्या मते आश्वासनाचे केळे दिले की मोर्चा परत जातो आणि पुढच्या वर्षी दुप्पट होऊन येतो. दुसरे गृहस्थ व्यापारी आहेत. दोन केळ्यांत शांतता मिळत असेल तर ती स्वस्तच पडली, असे त्यांचे मत आहे. वानरांशी कसे वागावे आणि ही तुलना राजकारणाला कितपत लागू पडते, हे कळवावे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : राजकारणाकडे वळण्यापूर्वी वहिनींच्या मनगटाविषयी लिहितो. ओरखडा वरवरचा दिसला तरी त्यातून रेबीजचा धोका असतो. अशी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी. महिना उलटला असला, तरी अजून दाखवले नसेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी दवाखान्यात जावे.

आता हुप्प्याविषयी. त्याने पिशवीत काय आहे हे पाहिलेलेच नव्हते. कापडी पिशवी म्हणजे केळी, एवढाच धडा त्याने शनिवारच्या भाविकांकडून घेतला होता, आणि त्या धड्याप्रमाणे तो वागला. वानराच्या नजरेला नजर भिडवणे आणि त्याच्यासमोर दात दाखवून हसणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या भाषेत आव्हान ठरतात. त्यामुळे पिशवी धरली गेली तर ती सोडून द्यावी, पाठ न दाखवता दोन पावले मागे सरावे आणि धावू नये. गलोल किंवा दगड यांच्या वाटेला जाऊ नये, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानराला संरक्षण दिलेले आहे. त्याशिवाय, दगड मारणारा निघून जातो आणि त्याची भरपाई पुढच्या बाकावर बसलेल्या आजींना करावी लागते. टोळी फारच अंगावर येत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे, तेव्हा नागपूरकरांनी तरी हा क्रमांक पाठ ठेवायला हरकत नाही.

आपल्या वकील मित्रांची म्हण योग्य ठिकाणी आली आहे, पण ती अर्धीच ऐकली जाते. काळ सोकावतो हे खरे. मात्र तो सोकावतो कशाने, याचे उत्तर दांडक्यात सापडत नाही. नऊ जणांनी हात हलवून हाकलले आणि दहाव्याने केळे टाकले, तर वानर नऊ नकार विसरते आणि दहावा हात लक्षात ठेवते. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय नेमाने मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा चिवट असते, हा वर्तनशास्त्रातील जुना आणि पुन्हा पुन्हा पडताळलेला निष्कर्ष आहे. त्याला जोडून आणखी एक गोष्ट येते, जी बागेतल्या समित्या नेहमी विसरतात. खाऊ बंद केल्यावर पहिले काही दिवस त्रास कमी होण्याऐवजी वाढतो. वाण्याने उधारी बंद केली की गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यात जास्त तावातावाने भांडते, तसेच हे आहे. त्या आठवड्यात कंटाळून एकाने जरी केळे टाकले, तरी आपण टोळीला नवाच धडा देतो, की यापुढे मागायचे असेल तर दुप्पट जोराने मागावे. राजकारणातही नेमके हेच घडते. मागणी नाकारायची, मग रस्ता अडवला की मान्य करायची, ही पद्धत ज्या सरकारांनी लावली, त्यांनी रस्ता अडवण्याचे शिक्षणही स्वतःच दिले, मग सरकार कोणत्याही पक्षाचे असो.

पण सवय मोडायची कशी, याबाबत सरसकट नियम सांगता येत नाही. अमेरिकेतील यलोस्टोन हे १८७२ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान. तेथील हॉटेलांचा उरलासुरला माल ठरावीक जागी टाकला जाई, अस्वले त्यावर येत, आणि १९४०च्या दशकापर्यंत पर्यटक बाकांवर बसून तो तमाशा पाहत असत. १९७०च्या सुमारास हे उकिरडे बंद करायचे ठरले, तेव्हा अस्वलांचा अभ्यास करणारे फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे बंधू सांगत होते की ते हळूहळू बंद करावेत, कारण अस्वलांचे पोट त्यावर चालू लागले आहे. व्यवस्थापनाने ते झटपट बंद केले. भुकेली अस्वले तंबूंकडे वळली, पुढच्या काही वर्षांत अनेकांना मारावे लागले, आणि १९७५ साली तेथील ग्रिझली अस्वलाची नोंद धोक्यातील प्राण्यांमध्ये करावी लागली. आपल्या बागेतील वानरांची गोष्ट वेगळी आहे. वानर मुळात पाला खाणारा प्राणी आहे, त्याचे पोट कप्प्याकप्प्यांचे असते आणि वड, पिंपळ, चिंच, उंबर यांची कोवळी पाने त्यासाठीच आहेत. केळी-फुटाणे बंद झाल्याने तो उपाशी मरणार नाही; उलट त्याच्या पोटाला आरामच पडेल. म्हणून बागेत खाऊ एकदम आणि सर्वांनी मिळून बंद करावा. ज्या सवलतीवर माणसांचे घर चालते, ती मात्र तारखा जाहीर करून टप्प्याटप्प्यानेच कमी करायला हवी. केवळ गप्प बसण्याचे मोल म्हणून कोणाला दिलेली मेहेरबानी वानराच्या केळ्यासारखी आहे, आणि ती एका दिवसात थांबवली तरी चालते. या दोन गोष्टींची गल्लत करणारे अर्थमंत्री आणि बागसमित्या दोन्ही मी पाहिल्या आहेत.

वकील मित्रांच्या दांडक्याचा आणखी एक पैलू आहे. कट्ट्यावर कोणीतरी असेही सुचवले असेलच की तो एक मोठा हुप्प्या पकडून दूर जंगलात सोडावा, म्हणजे बाकीचे सरळ होतील. १९७०च्या दशकात अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी माऊंट अबू येथील वानरांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की टोळीवर बाहेरच्या नराने ताबा मिळवला की तो पुष्कळदा आधीच्या नराची लहान पिल्ले मारतो. म्हणजे एक दांडगा हटवून आपण दुसऱ्या, अधिक अस्वस्थ दांडग्याला जागा करून देतो, शिवाय पहिल्याची पिशव्या ओढण्याची विद्या दुसऱ्या गावाला पाठवतो. एखाद्या वस्तीतला दादा तडीपार झाल्यावर पुढचे सहा महिने तेथे काय होते, हे वकिलांना मी सांगायला नको.

आता मोर्चाकडे येतो, कारण येथे मला आपल्या मित्रांशी स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. वानराला मागणी नसते, भूक आणि सवय असते. त्याच्याकडे निवेदन नसते, तारीख नसते, आणि आपण दिलेला शब्द पाळला की नाही हे तो विचारत नाही. मोर्चेकरी नेमके तेच विचारतो. शांततेने आणि शस्त्राविना एकत्र येण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या कलम १९ने दिला आहे. तो दरवर्षी परत येतो, कारण त्याच्या हाती आश्वासनाचा कागद ठेवून पुढे काहीच केले जात नाही. मग सोकावले कोण, मोर्चेकरी की कागद देणारे? नागपुरात बसून मोर्चाला कळप म्हणताना तर माणसाने दहा वेळा विचार करावा. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच शहरात, अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली. पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणाऱ्या समाजाला त्या दिवशी गुरांसारखे हाकलले गेले. सीताबर्डीवरून जाताना त्यांचे स्मारक लागते. आपल्या मित्रांनी एकदा तेथे थांबून ही तुलना पुन्हा मनाशी म्हणून पाहावी.

व्यापारी मित्रांचे म्हणणे मी सर्वस्वी खोडून काढत नाही. देऊन शांतता मिळत नाही हे सिद्ध करायला लोक लगेच हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून देणारा १९३८चा म्युनिक करार काढतात, पण आपल्याला इतके लांब जाण्याची गरज नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२पासून जवळपास दहा वर्षे बंगालवर धावून जात होत्या. त्या 'बर्गीं'चे नाव घेऊन तेथे पोरांना झोपवले जाई, हे आपण नागपूरकरांनी मान्य केलेले बरे. त्या गोष्टीतली पिशव्या ओढणारी टोळी आपलीच होती. १७५१ साली नवाब अलिवर्दी खानाने रघूजी भोसल्यांना वर्षाला बारा लाख रुपये चौथाई देण्याचे कबूल केले, आणि मराठी फौजांनी सुवर्णरेखा नदी ओलांडू नये असे ठरले. त्यानंतर स्वाऱ्या थांबल्या. येथे देणे उपयोगी पडले, कारण रक्कम ठरलेली होती, हद्द म्हणून एक नदी होती, आणि दोन्ही बाजूंना आपापल्या माणसांना आवरण्याची ताकद होती. हुप्प्याशी असा तह करता येत नाही. म्हणून व्यापारी मित्रांना एवढेच विचारावे की दोन केळ्यांच्या बदल्यात त्यांनी कोणती नदी ठरवून घेतली आहे.

बागेपुरते सांगायचे तर एक काम लगेच करता येईल. कचऱ्याच्या उघड्या डब्यांना घट्ट बसणारी झाकणे लावून घ्यावीत. कट्ट्यावरचा वाद त्यानंतरही चालू राहील, पण निदान हुप्प्या त्यात भाग घेणार नाही.

प्रश्न : मी दर शनिवारी वानरांना केळी घालते. सासूबाईंपासून चालत आलेला नेम आहे. तो मोडला तर मनाला लागून राहील. काय करावे?
— एक गृहिणी, नागपूर

उत्तर : ताई, नेम मारुतीचा आहे, बागेतल्या टोळीचा नाही. केळी देवापुढे ठेवावीत आणि तोच प्रसाद घरी किंवा देवळाबाहेर बसलेल्या माणसांना वाटावा. बागेच्या फाटकाशी केळी विकणाऱ्या बाईंचा शनिवारचा धंदा आपल्यासारख्यांवरच चालतो, तेव्हा केळी त्यांच्याकडूनच घ्यावीत. मात्र ती झाकण असलेल्या डब्यात ठेवून बागेच्या विरुद्ध दिशेने निघावे, आणि बाईंनाही टोपली ओल्या फडक्याने झाकून ठेवायला सांगावे.