सौर कुंपणाची बॅटरी आषाढातच का बसते?

सत्तरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारले आहे: ‘भातशेतीला सौर कुंपण केले. 20 वॅटचे पॅनेल, 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी. मे महिन्यापर्यंत झटका मशीन (तारेत विजेचे झटके सोडणारे यंत्र) व्यवस्थित चालले. जुलैत पाऊस लागून राहिला आणि तीन-चार रात्रींत मशीन बंद. दुकानदार म्हणतो बॅटरी खराब, नवीन घ्या. घेऊ का?’

इतक्यात घेऊ नका. तेच पॅनेल आणि तेवढीच बॅटरी ठेवलीत, तर नवीन बॅटरीही पुढच्या पावसाळ्यात तिथेच येऊन थांबेल. आधी हिशेब करू. मशीन किती करंट घेते ते त्याच्या पाटीवर लिहिलेले असते. लहान मशीनसाठी सरासरी 0.2 अँपिअर धरा. रात्रीचे 12 तास म्हणजे 2.4 एएच. 20 वॅटचे पॅनेल भर उन्हात जेमतेम 1.1 अँपिअर देते. आपल्याकडे मार्च-एप्रिलात पाच तासांचे कडक ऊन सहज मिळते, त्यामुळे तेव्हा बॅटरी रोज काठोकाठ भरते. झडीच्या दिवसांसाठी मी दीड तासच धरतो. म्हणजे जमा 1.6 एएच आणि खर्च 2.4. रोज तोटाच. अगदी काळोख दाटला तर 7 एएचची बॅटरी तीन रात्रीही नीट पुरत नाही.

म्हणून पॅनेल एप्रिलच्या उन्हावर घेऊ नका, आषाढाच्या उजेडावर घ्या. तुमच्यासाठी 40 वॅटचे पॅनेल आणि 20 ते 26 एएचची बॅटरी योग्य. चार काळोख्या रात्रींना सुमारे 10 एएच लागते आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नसते, म्हणून एवढी मोठी. अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरते, मग कितीही ऊन मिळाले तरी ती पूर्ण भरत नाही. रानडुकरे भात दाण्यावर आल्यावर, गणेश चवथीच्या आगेमागे उतरतात. नेमकी तेव्हाच बॅटरी दगा देते, ती जुलैत उपाशी राहिलेली असते म्हणून.

तुमची बॅटरी खरोखर गेली का, हे मल्टीमीटर सांगेल. सकाळी ऊन पडण्याआधी, मशीन बंद करून थोड्या वेळाने मोजा. 12.6 व्होल्टच्या वर असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली गेली तर उतरलेलीच समजा. दिवसभर चांगले ऊन मिळूनही रात्रीतून कोसळत असेल तरच बदला. आणि बॅटरी भरलेली असून झटका लागत नसेल, तर तिला दोष देऊ नका. तारेला टेकलेले गवत कापा, अर्थिंगचा दांडा तपासा.

जागेबद्दलही सांगतो. कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला लावलेल्या पॅनेलवर माडाची एक झावळी आडवी सावली टाकत असते. पॅनेलमधले 36 सेल एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे मोजक्या सेलांवरची सावलीही अख्ख्या पॅनेलचा करंट पाडते. पंपघराच्या छपरावर किंवा मोकळ्या जागी खांबावर, दक्षिणेकडे 15 अंशांचा उतार देऊन बसवा. पावसाळ्यात खालच्या चौकटीच्या कडेला माती साचून हिरवट शेवाळाची पट्टी धरते आणि खालची सेलांची रांग झाकली जाते. वरून काच स्वच्छ दिसते म्हणून तिकडे कोणी बघत नाही. ओल्या फडक्याने ती कड पुसा. वायर लांब न्यावी लागली तर पॅनेल ते चार्ज कंट्रोलर (बॅटरीत जाणारा करंट आवरणारे यंत्र) ही लांब चालेल, पण कंट्रोलर बॅटरीजवळच हवा. बॅटरीच्या पेटीला हवेची भोके ठेवा आणि त्यांवर बारीक जाळी लावा, नाहीतर मुंग्या आत वारूळच करतात. माकडांनी वायर ओढू नये म्हणून ती पाइपातून न्या, हे सांगायला नकोच.

दुसरा प्रश्न काजूवाल्यांचा: डोंगरावर वीज नाही, फवारणी पंपाची बॅटरी पॅनेलला थेट जोडली तर? जोडू नका. ‘12 व्होल्ट’ लिहिलेल्या पॅनेलचा मोकळा, म्हणजे काही न जोडता मोजलेला, दाब 21-22 व्होल्ट असतो. बॅटरी भरल्यावरही करंट चालूच राहतो, ती तापते, फुगते. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो लेड-अ‍ॅसिडला 14.4 च्या आसपास आवरतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज घाला. 8 एएचची रिकामी बॅटरी 20 वॅटवर भरायला दोन चांगले दिवस जातात, 40 वॅटवर एक.

मात्र हल्लीच्या काही पंपांत लिथियम बॅटरी असते. त्यातली तीन सेलांची लिथियम-आयन बॅटरी 12.6 व्होल्टलाच पूर्ण भरते. तिला लेड-अ‍ॅसिडचा कंट्रोलर लावलात तर आग लागू शकते. आधी लेबल वाचा आणि त्याच प्रकारचा चार्जर घ्या. लेबल पुसले असेल तर प्रयोग नको, घरी वीजेवर भरून डोंगरावर न्या.

घरी पडलेली गाडीची जुनी बॅटरी कुंपणाला चालेल का, असेही एका ताईंनी विचारले आहे. चालेल, पण फार दिवस नाही. ती इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. रोज रात्री उतरणे तिला सोसत नाही. वापरलीतच तर पाणी फक्त डिस्टिल्ड घाला, विहिरीचे नको, आणि ती घट्ट बंद पेटीत ठेवू नका, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. इन्व्हर्टर लावून किंवा घरच्या लाइनवरून तारेत थेट वीज सोडण्याचा विचार कोणी करत असेल तर तो आजच सोडा. त्याने गवाही मरतो आणि शेजारचा माणूसही, आणि दोन्हीचा गुन्हा दाखल होतो. नवीन सामान अनुदानातून घ्यायचे असेल तर खरेदीच्या आधी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात येऊन अटी विचारून जा. आधी बिल आणि मग अर्ज, असे करू नका.