आजीचा अडकित्ता ‘अँटिक’ का दिसतो?

तुम्ही आजीच्या पानाच्या सामानावर फोटोमालिका करताय. तुमच्यासाठी अडकित्ता म्हणजे जेवणानंतरची आजी, पण बघणारे ‘वा, छान अँटिक पीस’ म्हणून पुढे जातात. तुम्ही टाकलेल्या चार फोटोंत कारण दिसतंय: पितळ चिंच लावून लख्ख घासलंय, खाली काळी मखमल, मागे सगळं ब्लर. असा फोटो दुकानाच्या कॅटलॉगमध्ये शोभतो. वस्तू कोणी वापरली होती, याचा पुरावाच तुम्ही धुऊन टाकलात.

उरलेल्या वस्तूंना आता हात लावू नका. चुन्याच्या डबीच्या काठावर बसलेला पांढरा थर, कातेचे डाग, चंचीच्या बंदाचं तेलकट झालेलं टोक, अडकित्त्याच्या दांड्यावर बोटांनी झिजून सपाट झालेली नक्षी, हेच आजीचं प्रतीक. अख्खा अडकित्ता फ्रेममध्ये असायलाच हवा असं नाही.

झीज दिसायला प्रकाश आडवा हवा. समोरून किंवा वरून आला की खाचा भरून निघतात आणि नक्षी नवी कोरी वाटते. एकच खिडकी ठेवा, पडदा वीतभर उघडा, वस्तू अशी ठेवा की उजेड पृष्ठभागाला १५-२० अंशांत घासून जाईल. सावल्या फार काळ्या पडल्या तर पलीकडून साधारण ३० सेंमीवर पांढरा कार्डशीट. पितळात तुम्ही किंवा तुमचा कॅमेरा दिसत असेल तर तिथे काळा कार्डशीट धरा. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) घेऊ नका, उघड्या धातूवरची चमक त्याने जवळपास जात नाही.

५० मिमी लेन्सने अर्ध्या मीटरवरून एफ/१.८ ला (लेन्सचं तोंड जवळपास पूर्ण उघडं) फुलफ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, जेमतेम सेंटीमीटरभर भाग शार्प येतो. एफ/८ ला (तोंड बरंच लहान) तोच चार-साडेचार सेंटीमीटर होतो. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, दोन सेकंदांचा टायमर. शटर अर्ध्या सेकंदावर गेलं तरी वस्तू काही पळून जात नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) सगळ्या फोटोंना एकच ठेवा. ऑटोवर ठेवलंत तर एका फोटोत पितळ पिवळं, दुसऱ्यात फिकट हिरवट, आणि मालिका तिथेच तुटते.

आता अर्थाचं. खासगी अर्थ एका फोटोत मावत नाही, तो पुन्हा पुन्हा भेटून तयार होतो. झेक फोटोग्राफर योझेफ सुडेकने प्रागमधल्या आपल्या स्टुडिओची खिडकी १९४० ते १९५४ पर्यंत टिपली: कधी काचेवर दव, कधी बर्फ, बाहेर तेच वाकडं झाड. एकट्या फोटोत ती नुसती खिडकी आहे. तुमच्याकडे बारा फोटो असतील तर अडकित्ता तिनांत आणा. आधी जागेवर, मग दुसऱ्या कोणाच्या हातात सुपारी कातरताना, मग तो नसताना: डब्यात त्याच्या आकाराचा न काळवंडलेला भाग. ४×६ इंचांच्या साध्या प्रिंट काढून जमिनीवर मांडा आणि क्रम बदलून बघा. मोबाइलच्या पडद्यावर हे कळत नाही. विझलेली पणती, रिकामी आरामखुर्ची आणि कृष्णधवल सुरकुतलेले हात मात्र बाहेर काढा. ती तयार चिन्हं आहेत, लोक त्यांचा अर्थ घरूनच घेऊन येतात.

‘विरह’, ‘आठवणींचा दरवळ’ असले मथळे तर नकोतच. अमेरिकन फोटोग्राफर स्टिग्लिट्झने ढगांच्या फोटोंना ‘इक्विव्हॅलंट्स’ एवढंच नाव दिलं. तुम्ही ‘चुन्याची डबी, माजघर’ लिहिलंत तरी पुरे. मांडणी ठरली की आजीला न ओळखणाऱ्या दोघातिघांना दाखवा. ‘कसे वाटले?’ विचारलंत तर सगळे छान म्हणतील. ‘ही वस्तू कोणाची असेल, आणि ती व्यक्ती आता कुठे आहे?’ असं विचारा. उत्तरात फक्त ‘जुनी’, ‘पितळी’ आलं तर अडकित्ता नसतानाचा तिसरा फोटो कमजोर आहे, तो पुन्हा काढा.