वाचकांचे प्रश्न : काचेच्या कारखान्यासाठी भांडवल उभारताना

प्रश्न : आम्ही चौघे कणकवली तालुक्यातले. कासार्डे-फोंडा पट्ट्यात सिलिका वाळू निघते, आणि कोकम सरबत, लोणची, मध विकणारे मात्र बरण्या बाहेरून मागवतात. म्हणून रोज २५ टन काच वितळवणारी भट्टी टाकून बरण्या करायचे ठरवले आहे. प्रकल्प अहवाल दोन गुंतवणूकदारांना दिला. दोघांनीही ‘नंतर बघू’ म्हणून परत केला. अहवालाची प्रत सोबत पाठवली आहे. काय कमी पडले?

उत्तर : अहवाल मन लावून केला आहे, पण वजन चुकीच्या जागी पडले आहे. सगळ्यात जास्त पाने वाळूवर खर्ची पडली आहेत. खरेदीदारांना अर्धे पान मिळाले आहे आणि खेळत्या भांडवलाला (रोजचा कारभार चालवायला लागणाऱ्या पैशाला) एक ओळ : ‘एक महिन्याचा खर्च’. काचधंदा जाणणारा माणूस ती ओळ वाचूनच फाइल मिटतो.

तुमचाच आकडा घेऊ. रोज २५ टन काच वितळली आणि त्यातली ८५ टक्के विकण्याजोगी निघाली, तर सव्वाएकवीस टन माल झाला. १७० ग्रॅमची बरणी धरली तर रोज सव्वा लाख बरण्या. वर्षाला साडेचार कोटींवर. या घेणार कोण? कोकणातले सगळे लोणचेवाले एकत्र आले तरी हा माल उचलणार नाहीत. कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई, गोवा इथले मसालेवाले, औषधवाले, मधवाले धरावेच लागतील. ‘बाजारात मागणी आहे’ हे वाक्य काढून टाका. त्या जागी खरेदीदारांची यादी घाला : कोणता उद्योग, बरणीचे वजन व मापे, महिन्याला किती नग, सध्या कोणत्या गावाहून येतात, पैसे किती दिवसांनी देतात. क्षमतेच्या निम्म्या मालाची तरी लेखी इरादापत्रे हवीत. ती नसतील तर भांडवल मागायची वेळ अजून आलेली नाही.

आता वाळू. बरणीच्या काचेत सिलिका ७० ते ७४ टक्के असते, पण निम्मी लढाई सोडा अ‍ॅश (वाळू कमी तापमानाला वितळवणारी पूड) आणि इंधनावर होते. ३० टक्के फुटकी काच वापरणार असाल तर रोज साधारण १२ टन वाळू, पावणेचार ते चार टन सोडा अ‍ॅश, तीन टन चुनखडी आणि टनभर फेल्डस्पार हे खनिज लागेल. म्हणजे वाळू दिवसाला एक ट्रक. एक ट्रक वाळू दीडशे किलोमीटर आणणे जमते, पण पाइपगॅस नसलेल्या जागी भट्टी चालवणे महागात जाते. बरण्या हलक्या आणि जागा खाणाऱ्या, त्यामुळे तयार मालाचे भाडे वाळूच्या भाड्यापेक्षा जड पडते. गॅसची वाहिनी आणि गिऱ्हाईक जिथे, तिथे कारखाना. वाळू शेजारी मिळाली तर उत्तम, पण जागा तिच्यावरून ठरवू नका. आणि वाळू ‘पांढरीशुभ्र’ आहे एवढे लिहून भागत नाही. स्वच्छ पांढऱ्या बरणीसाठी तिच्यातले लोह ०.०४ टक्क्यांच्या आत हवे. जास्त झाले की काच हिरवट दिसते. सेलेनियम-कोबाल्टने ती झाक थोडी झाकता येते, पण एका मर्यादेपर्यंतच. धुतलेल्या वाळूचे वेगवेगळ्या महिन्यांतले निदान पाच नमुने प्रयोगशाळेतून तपासून अहवाल जोडा. पावसाळ्यातला एक असू द्या.

इंधनाचा आकडा भट्टी बांधणाऱ्याकडून लेखी, हमीसह घ्या. प्राथमिक हिशेबाला एवढ्या लहान भट्टीसाठी टनाला २०० घनमीटर नैसर्गिक वायू धरा. म्हणजे रोज ५,००० घनमीटर. गॅस एक रुपयाने वाढला की दिवसाला ५,००० आणि वर्षाला सव्वाअठरा लाख रुपये गेले. हा तक्ता अहवालात घाला : आजचा दर, दहा टक्के वाढ, वीस टक्के वाढ, आणि प्रत्येक वेळी एका बरणीला किती पैसे जास्त. गुंतवणूकदार तो स्वतः मांडणारच आहे. तुम्ही आधी मांडलात तर तुमच्यावरचा विश्वास वाढेल.

आता मूळ दुखणे. काचभट्टी संध्याकाळी बंद करून सकाळी पेटवता येत नाही. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे अखंड जळते. पेटवतानाही दहा-पंधरा दिवस तास मोजून तापमान चढवावे लागते, कारण भट्टीच्या छताच्या कमानीतल्या सिलिका विटा सुरुवातीच्या काही शे अंशांत एकदम फुगतात. घाई केली तर विटेचे पापुद्रे सुटतात, कमान सरकते. भट्टी पंधराशे अंशांच्या आसपास स्थिरावल्यावरही पहिले काही आठवडे माल धड निघत नाही. काचेत बारीक बुडबुडे, न वितळलेले खडे आणि दोऱ्यासारख्या रेघा येतात. गळ्याच्या कडेला केसाएवढा तडा असतो. तो समोरून दिसत नाही. बरणी दिव्यासमोर धरून सावकाश फिरवली की एका कोनात चमकतो, आणि झाकण घट्ट केले की तिथूनच ती फुटते. या काळात विक्रीयोग्य माल ६० टक्केच निघाला तर रोज सव्वा लाखाच्या जागी ८८ हजार बरण्या. गॅस मात्र तेवढाच जळतो, कारण रोजची २५ टन काच वितळवावीच लागते. पहिली विक्री झाली तरी पैसे साठ दिवसांनी येणार.

म्हणून खेळते भांडवल एक महिन्याचे नव्हे, निदान सहा महिन्यांचे दाखवा आणि त्याची फोड करा : गॅस कंपनीकडची अनामत, १५ दिवसांची सोडा अ‍ॅश (सुमारे ५८ टन, ती सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून येते, रस्ता अडला की अडली), महिन्याचा तयार माल, दोन महिन्यांची उधारी, साच्यांचे जादा संच, डिझेल जनरेटर. वीज गेली की साचे थंड करणारे पंखे आणि हवेचे कॉम्प्रेसर थांबतात, त्यामुळे जनरेटरला पर्याय नाही. अहवालात ठळक लिहा : ‘भांडवल आणि बँकेचे कर्ज मिळून सर्व रक्कम मंजूर झाल्याशिवाय भट्टी पेटवली जाणार नाही.’ गुंतवणूकदाराला हवी असलेली हमी ती हीच. अर्ध्या पैशावर पेटवलेली भट्टी पैसे संपले म्हणून विझवली की विटा तडकतात, टाकीत काच गोठते आणि मागे उरते ते भंगार.

राज्य सरकारच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचे अनुदान तुम्ही पहिल्याच वर्षी जमेत धरले आहे. ते काढा. हे पैसे उत्पादन सुरू झाल्यानंतर, पात्रता प्रमाणपत्र मिळाल्यावर येतात. आले तर आनंद, पण कर्जाचा हप्ता त्यांच्या भरवशावर नको.

प्रश्न : आमच्या गावात आणि आसपास सहाशे माणसे प्रत्येकी दहा हजार द्यायला तयार आहेत. तळेगावचा काचकारखाना लोकांच्या एकेक पैशातून उभा राहिला होता ना? व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन टाकून शेअर द्यायचे आहेत. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे.

उत्तर : आवाहन टाकू नका, आणि टाकले असेल तर आजच काढा.

तळेगाव दाभाड्याचा दाखला मोलाचा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिले आणि १९०८ साली तिथे काचकारखाना सुरू झाला. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या कारखान्यांत गेले. पण तो पैसा ही वर्गणी होती. देणाऱ्याला शेअर नव्हता, लाभांश नव्हता, परतफेडीची अपेक्षा नव्हती. तुम्ही शेअर देणार आहात, म्हणजे कंपनी कायदा, २०१३ लागू झाला.

प्रायव्हेट कंपनीत सभासद दोनशेच्या वर नेता येत नाहीत. कलम ४२ (निवडक व्यक्तींना खाजगीरीत्या शेअर देण्याचे कलम) खाली एका आर्थिक वर्षात एका प्रकारच्या रोख्यांसाठी दोनशेहून जास्त व्यक्तींना प्रस्तावच देता येत नाही. तोही आधी नावे ठरवून, त्या-त्या व्यक्तीच्या नावानेच द्यायचा. जाहिरात, समाजमाध्यम, गावसभेतले पत्रक यांतले काहीही चालत नाही. मोडले तर पैसे व्याजासह परत करावे लागतात आणि दंड उभारलेल्या रकमेएवढा किंवा दोन कोटींपर्यंत, यांत जे कमी ते, होऊ शकतो.

क्रम असा. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून शेअरची किंमत काढून घ्या. संचालक मंडळाचा ठराव, मग सभासदांचा विशेष ठराव, आणि तो एमजीटी-१४ या नमुन्यात कंपनी रजिस्ट्रारकडे दाखल. त्याआधी प्रस्ताव पाठवलात तर तिथेच चूक झाली. मग ठरलेल्या व्यक्तींना पीएएस-४ नमुन्यातले प्रस्तावपत्र द्या. पैसे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या बँक खात्यातून, कंपनीच्या स्वतंत्र खात्यात. रोख एक रुपयाही नाही. मुलाच्या नावचे शेअर आणि वडिलांच्या खात्यातला चेक, ही नेहमीची गफलत. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप, न जमल्यास पुढच्या १५ दिवसांत परतफेड, तीही चुकली तर १२ टक्के व्याज. वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हे वाटपाचे विवरण दाखल करा. ते दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. भट्टीच्या विटांची आगाऊ रक्कम याच काळात मागितली जाते आणि मोह होतो. तेवढी तजवीज स्वतःच्या भांडवलातून ठेवा.

सहाशे जणांचे दहा हजार म्हणजे साठ लाख. एवढ्या प्रकल्पात ती रक्कम लहान आणि हिशेब ठेवायची माणसे फार. त्याऐवजी पाच ते पंचवीस लाख घालू शकणारे तीस-चाळीस जण शोधा. ‘दहा जणांचे पैसे एकाच्या नावावर’ ही पळवाट सुचवणारे भेटतील. तसे करू नका. खरा मालक आणि नोंदीतला मालक वेगळे असतील तर कलम ८९ खाली तेही जाहीर करावे लागते, आणि भांडण झाले तर गरीब माणूसच हरतो. गावाचा सहभाग मनापासून हवाच असेल तर सहकारी संस्था हा मार्ग उघडा आहे. मात्र तिथे एक सभासद एक मत, आणि भट्टीचे निर्णय तासाभरात घ्यावे लागतात. ते जमवणारे व्यवस्थापन असेल तरच त्या वाटेने जा.

प्रश्न : शेअर नको, महिना दीड टक्का लिहून द्या, असे काही जण म्हणतात. द्यावे का?

उत्तर : नाही. ती ठेव झाली. जनतेकडून ठेवी घ्यायची प्रायव्हेट कंपनीला मुभा नाही. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे आणि महाराष्ट्रात ठेवीदार संरक्षणाचा १९९९ चा कायदाही आहे. शिवाय दीड टक्का म्हणजे वर्षाला १८. भट्टी उभी राहायच्या आधीच हे व्याज सुरू होईल.

प्रश्न : मी कोल्हापूरचा निवृत्त शिक्षक. ओळखीतले लोक नव्या काचकंपनीत पाच लाख घाला म्हणतात. काय विचारू?

उत्तर : आधी स्वतःला विचारा : हे पाच लाख सात-आठ वर्षे मिळाले नाहीत किंवा बुडाले तर घर चालेल का? नव्या प्रायव्हेट कंपनीचा शेअर बाजारात विकता येत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर इथेच थांबा. ओळखीपोटी निवृत्तीचा पैसा घालू नका.

चालणार असेल तर कागद मागा : तुमच्या नावाचे पीएएस-४, मूल्यांकन अहवाल, जमिनीचा भाडेपट्टा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती, गॅसचा करार, बँकेचे मंजुरीपत्र, खरेदीदारांची पत्रे. प्रवर्तकांनी स्वतःचे किती रोख घातले ते बँक उताऱ्यावर बघा. जमीन फुगवलेल्या भावाने कंपनीला देऊन ‘आमचे भांडवल’ म्हणणारे असतात. यंत्रे जुनी घेणार असतील तर वाईट नाही, पण विटा जुन्या असतील तर नकार द्या.

एक हिशेब विचारून घ्या. दहा कोटींच्या भागभांडवलात तुमचे पाच लाख म्हणजे अर्धा टक्का. पैसे कमी पडून त्याच भावाने आणखी पाच कोटी आणले तर तुमचा वाटा ०.३३ टक्के होतो. भाव पाडून आणले तर त्याहून कमी. नवे शेअर आधी तुम्हाला देऊ करतील का, प्रवर्तकांनी आपला हिस्सा विकला तर त्याच भावाने तुमचाही घ्यायला लावतील का, हे भागधारक करारात लिहिलेले हवे.

प्रश्न : दुबईतला भाऊ पैसे घालू शकतो का?

उत्तर : हो. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी भावाने रक्कम परदेशी परत नेणार नाही या तत्त्वावर घातली तर ती देशी गुंतवणुकीसारखीच धरली जाते. ही वाट सोपी. परत नेण्याचा हक्क हवा असेल तर वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर एफसी-जीपीआर हा परदेशी गुंतवणुकीची माहिती देणारा नमुना भरावा लागतो. कलम ४२ दोन्हीकडे आहेच.

प्रश्न : गावोगावच्या फुटक्या काचा गोळा करून कच्च्या मालाचा खर्च निम्मा दाखवता येईल का?

उत्तर : निम्मा नाही. फुटक्या काचेचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की इंधन साधारण अडीच-तीन टक्के वाचते आणि सोडा अ‍ॅशही वाचते, हे खरे. पण भंगारातली सगळी काच चालत नाही. मोटारीची समोरची काच, आरसे, ट्यूबलाइट, प्रयोगशाळेची आणि ओव्हनची उष्णतारोधक भांडी वेगळी काढावी लागतात. सगळ्यात वाईट म्हणजे कपबशीचे तुकडे. चिनीमाती या भट्टीत वितळत नाही. नखाएवढा तुकडा आत गेला तर त्याचे खडे बरण्यांच्या भिंतीत अडकून बाहेर येतात आणि गरम लोणचे भरताना बरणी नेमकी तिथे तडकते. पट्ट्यावर हाताने निवड करणारी माणसे, चुंबक आणि धुण्याची टाकी यांचा खर्च धरा. रंगीत व पांढरी काच वेगळी ठेवायला जागा धरा. पहिल्या वर्षी ३० टक्क्यांच्या वर जाऊ नका. त्यातही कारखान्याचाच नापास माल आधी वापरला जाईल, बाहेरची काच त्यानंतर.