ड्रॉवरचं माप दर वेळी एक सूत का घटतं?

प्रश्न : ताई, आमचा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. मिस्त्री फूट-इंच-सुतात बोलतात, कटिंग मशीनला मिलिमीटर लागतात, म्हणून मी जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहिला. त्यात एकक बदलायचं बटण आहे. ड्रॉवरची पट्टी ५ इंच ३ सूत भरली, मिमी पाहिले, परत इंचावर आलो तर ५ इंच २ सूत! पुन्हा केलं तर १ सूत, मग नुसते ५ इंच. त्याखाली मात्र जात नाही. दोन दशांश ठेवून पाहिले, तरी पहिलं सूत जातंच.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पाच इंचांवर थांबतंय हे लिहिलंत ते फार बरं केलंत, रोग तिथेच सापडला. इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी, १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर त्यात ‘सुमारे’ उरलेलं नाही. त्याचा आठवा भाग सूत, ३.१७५ मिमी. तुमची ४३ सुतं झाली १३६.५२५ मिमी. प्रोग्रॅम शेपूट छाटून १३६ ठेवतो. परत ३.१७५ ने भागलं की ४२.८३, पुन्हा छाटणी, उरली ४२. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिमी. तिथे छाटायला शेपूटच नाही, म्हणून गळती थांबते. दोन दशांशांनी १३६.५२ राहतात, भागाकार ४२.९९८, आणि छाटल्यावर पुन्हा ४२च.

‘फ्लोअर’च्या (दशांश छाटण्याच्या) जागी ‘राउंड’ (जवळच्या पूर्णांकावर नेणं) लावलंत तर हे लक्षण जाईल. पण मग पट्टी १३७ मिमीची होईल, पाच पट्ट्या ६८५ च्या, आणि बेरीज २६ इंच ७ सुताऐवजी २७ इंच दिसेल. खरी गडबड अशी की तुमचं बटण साठवलेलं मापच बदलतं. त्याने फक्त दाखवायचं रूप बदलावं.

साठवायला एकच एकक घ्या आणि ते पूर्णांकात ठेवा. मायक्रॉन, म्हणजे मिमीचा हजारावा भाग, पुरत नाही, अर्ध्या सुताला १५८७.५ येतात. नॅनोमीटर, म्हणजे मिमीचा दहा लाखावा भाग, घ्या : इंचाचा चौसष्टावा भागही नेमका ३,९६,८७५ भरतो. मशीनचं पातं स्वतःच तीनेक मिमी लाकूड खातं, तिथे नॅनोमीटर म्हणजे हसण्यासारखंच. पण ते लाकडासाठी नाहीत, बेरजा जुळाव्यात म्हणून आहेत.

एक सांभाळा. आठ फुटी प्लाय म्हणजे २,४३,८४,००,००० नॅनोमीटर. ३२ बिटांचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. जावास्क्रिप्टच्या साध्या आकड्यात नऊ हजार किलोमीटरपर्यंत नॅनोमीटर नेमके मावतात, पण डेटाबेसचा रकाना ६४ बिटांचा हवा. आणि दशांश काढायला कुणी ‘ऑर शून्य’ची (आकड्यापुढे ‘| 0’ लिहिण्याची) युक्ती शिकवली असेल तर ती विसरा, तीही ३२ बिटांवर आणते आणि प्लाय उणे लांबीचा होतो.

भरलेलं माप नॅनोमीटरमध्ये नेताना मात्र एकदा ‘राउंड’ लागतंच. ४.३५ गुणिले १०० जावास्क्रिप्टला विचारून बघा, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतील, कारण संगणकाच्या शून्य-एकच्या (द्विमान) पद्धतीत ४.३५ नेमका मावत नाही.

शिवाय मूळ आकडा ज्या एककात भरला ते एककही शेजारी लिहून ठेवा. कॅटलॉगातला २४४० मिमीचा प्लाय आणि मिस्त्रींचे आठ फूट यांत १.६ मिमीचा फरक आहे. ते २४४० इंचात बदलून दाखवलेत, तर मिस्त्रींना ‘आठ फूट अर्धं सूत’ वाचायला मिळेल आणि ते तुमच्या प्रोग्रॅमऐवजी टेप काढतील.