वाचकांचे प्रश्न : पावसाआधी फ्लॅटची डागडुजी

रोहिणीचे दिवस सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गळती, ओल आणि कुबट वास हे तीनच विषय उरतात. उत्तरांआधी एक सांगणं आहे. पाणी जिथे दिसतं, तिथूनच ते शिरलेलं असेल असं नाही. स्लॅबमधून, पाइपाच्या कडेने, टाइलखालून ते चार-पाच फूट सहज सरकतं. म्हणून खालच्या उत्तरांत तपासणी आधी आहे आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी.

प्रश्न : नवव्या मजल्यावर राहतो. हॉलची स्लायडिंग खिडकी पश्चिमेला आहे. वारा-पाऊस एकदम आला की खालच्या ट्रॅकमध्ये पाणी भरतं आणि आत सोफ्यावर सांडतं. दरवर्षी सिलिकॉन मारून घेतो, तरी थांबत नाही. (ठाणे)

स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी येणारच, ती तशीच बनवलेली असते. ते बाहेर जावं म्हणून ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला खाली लहान भोकं किंवा लांबट खाचा ठेवलेल्या असतात. तुमच्याकडे त्याच बुजल्या असण्याची शक्यता जास्त. धूळ, कबुतराची पिसं, रंगकामाची पुट्टी यांनी त्या बंद होतात. आणि पुष्कळदा सिलिकॉन मारणारा माणूसच ‘इथून पाणी येतंय’ असं समजून त्यांच्यावर सिलिकॉन फासून जातो.

शटर बाजूला सरकवा, ट्रॅक जुन्या टूथब्रशने घासा आणि भोकांमधून पातळ तार फिरवा. बाहेर वाकून काही करायचं नाही, सगळं आतूनच होतं. मग ट्रॅकमध्ये एक मग पाणी ओता. ते मिनिटभरात बाहेर गेलं पाहिजे. तुंबलं तर भोकं अजून बुजलेलीच आहेत, नाहीतर ट्रॅक आतल्या बाजूला कललेला आहे. ट्रॅक कललेला असेल तर मात्र खिडकीवाल्याला बोलवावं लागेल. शटरच्या कडेला केसाळ पट्टी असते, तीही पाहा. चार-पाच उन्हाळ्यांत ती चपटी होते आणि फटीतून वाऱ्यासोबत पाणी आत येतं. पट्टी मीटरवर मिळते आणि खाचेत सरकवून बदलता येते.

एवढं करूनही पाणी आलं तर चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा तपासा. त्यासाठी पाण्याची नळी हवी. एकाने दुसऱ्या शटरमधून चौकटीच्या बाहेरच्या सांध्यावर हलकी धार धरायची आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन पाहायचं. हात ग्रिलच्या आत राहून जिथवर पोहोचेल तेवढंच करा. सुरुवात खालच्या कडेपासून करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग बाजू, शेवटी वरची कड. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

दरवर्षीचं सिलिकॉन टिकत नाही, कारण ते जुन्या थरावर मारलं जातं आणि सुकलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही. जुनं ब्लेडने पूर्ण काढा, सांधा स्पिरिटने पुसा, कोरडा होऊ द्या. लावताना आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो ते स्वस्त सिलिकॉन इथे नको. त्यातलं आम्ल संगमरवराला डाग पाडतं आणि सिमेंटवर त्याची पकड बसत नाही. दुकानात ‘न्यूट्रल, बाहेरच्या कामाचं’ असं सांगून मागा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, ६ मिलिमीटर रुंद भरा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच ओढा आणि पापुद्रा धरायच्या आत टेप काढा. त्यावर २४ तास पाणी पडू देऊ नका. ३०० मिलिलिटरच्या नळीत ६ बाय ६ मिलिमीटरचा सांधा साधारण ८ मीटर भरतो, म्हणजे चार बाय चार फुटांच्या दीड खिडक्या. आठव्या-नवव्या मजल्यावरचा बाहेरचा सांधा भरायला झुल्यावरचा, पट्टा बांधलेला कामगारच हवा. सोसायटीत आणखी पाच-सहा घरांचं काम असेल तर एकत्र बोलवा.

प्रश्न : बेडरूमच्या भिंतीला दर दिवाळीत वॉटरप्रूफ रंग देतो आणि दर ऑगस्टमध्ये त्याला फुगे येतात. पांढरी पूडही सुटते. कुठला रंग घ्यावा? (डोंबिवली)

तूर्त कुठलाच घेऊ नका. ती पांढरी पूड म्हणजे लोणा. भिंतीत शिरलेलं पाणी विटांतले आणि गिलाव्यातले क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणतं. पाणी उडून जातं आणि क्षारांचे खडे रंगाच्या मागे वाढत राहतात. तेच रंगाला ढकलून फुगा आणतात. आतून कितीही भारी रंग दिला तरी पाणी बाहेरूनच येत असल्यामुळे तो फार तर एखादं वर्ष तग धरतो, नाहीतर ओल शेजारच्या कोपऱ्यात सरकते.

ओल केव्हा आणि कुठे दिसते, त्यावरून कारण बरंचसं कळतं. मोठ्या पावसानंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी डाग गडद होत असेल तर बाहेरच्या भिंतीला तडा आहे. मार्च-एप्रिलमध्येही डाग ओला असेल तर पाइप गळतोय. डाग फक्त स्कर्टिंगच्या वर हात-दीड हात असेल आणि भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर बाथरूमच्या जमिनीचे सांधे गेले आहेत. कपाटामागे काळे ठिपके आहेत पण रंग फुगलेला नाही, अशा वेळी बहुधा खोलीतलीच दमट हवा थंड भिंतीवर बसते आहे.

खात्री नसेल तर पावसाळ्यात डागावर फूटभर चौकोनी ॲल्युमिनियम फॉइल चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब फॉइलच्या खोलीकडच्या अंगाला असतील तर दमट हवा, भिंतीकडच्या अंगाला असतील तर भिंतीतलं पाणी.

तडा बहुतेक वेळा स्लॅबच्या पातळीवर आडवा असतो, जिथे बीम संपतो आणि विटांची भिंत सुरू होते तिथे. काँक्रीट आणि वीट उन्हात सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, म्हणून तो दरवर्षी थोडा उघडतो, थोडा मिटतो. गवंडी तिथे नुसतं सिमेंट भरतात आणि ते पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुटतं. तडा कापून साधारण १० मिलिमीटर रुंद, तितकीच खोल खाच करायची, ब्रशने धूळ काढायची, त्यात ताणलं जाणारं सीलंट भरायचं, वर फायबरची जाळी आणि मग बाहेरच्या वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात. सांध्यावर नंतर रंग द्यायचा असल्यामुळे इथे सिलिकॉन चालत नाही, त्यावर रंग बसत नाही. रंग धरणारं ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन सीलंट घ्या. हे काम मेअखेरपर्यंत झालं तर ठीक, पहिली सर पडल्यावर ओल्या खाचेत भरलेलं काही टिकत नाही.

बाहेरच्या भिंतीचा खर्च एकट्याने सोसू नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, सोबत डागाचे तारखेसह फोटो जोडा आणि पोच घ्या.

आतली बाजू पावसाळा संपल्यावरच. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा. ओल्या फडक्याने पुसलात तर क्षार पुन्हा भिंतीत जातात. सुटलेली पुट्टी डागाच्या बाहेर फूटभर खरवडा आणि भिंत उघडी ठेवा. पुन्हा फॉइल लावा. दोन दिवसांत आत एकही थेंब नसेल तर पुट्टी आणि रंग. त्यासाठी या दिवाळीचा मुहूर्त हुकला तरी चालेल. घाई करून दिलेला रंग पुन्हा सुटतो आणि खर्च वाया जातो.

प्रश्न : खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छतातून थेंब पडतात. त्या म्हणतात आमच्यामुळे. प्लंबर सगळ्या टाइल फोडायला सांगतो. (कोथरूड, पुणे)

फोडायच्या आधी तीन दिवस तपासणीला द्या. पहिल्या दिवशी बाथरूमच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, पण बाहेरून बादलीने पाणी आणून बाथरूम नेहमीसारखी वापरा. थेंब थांबले तर भिंतीतला दाबाचा पाइप गळतोय, जमिनीचा दोष नाही. थांबले नाहीत तर दुसऱ्या दिवशी नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतलं पाणी जायच्या जाळीखालच्या भोकात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा, जमिनीवर इंचभर पाणी भरा, पातळीची खूण पेन्सिलीने करा आणि २४ तास थांबा. खाली थेंब वाढले तर टाइलांचे सांधे किंवा ट्रॅपची कड. काही फरक पडला नाही तर तिसऱ्या दिवशी फडकं काढून पाणी एकदम सोडा. तेव्हा थेंब वाढले तर ट्रॅपखालचा पाइप. खाली कोणी तरी वेळ लिहून ठेवायला हवं, म्हणजे काकूंना यात सामील करून घ्या. वादही निवळतो.

सांधेच गेले असतील तर टाइल न फोडता बऱ्याचदा काम भागतं. सांध्यातलं जुनं भरण ३ मिलिमीटर खोल खरवडून काढा, बाथरूम पूर्ण दिवस कोरडी ठेवा आणि इपॉक्सी ग्राउट भरा. ट्रॅपच्या जाळीभोवती आणि कमोडच्या बुडाशी विशेष लक्ष द्या, पाणी बहुतेक तिथूनच उतरतं. व्हाइट सिमेंटची पेस्ट फासून देतात ती काही महिन्यांत घासण्यानेच निघून जाते. इपॉक्सीचे दोन भाग मिसळले की अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतात, म्हणून थोडं थोडं कालवा. नंतर किमान २४ तास पाणी नको, जमल्यास तीन दिवस.

खर्च मात्र तुमचा. संडास-बाथरूम, सिंक यांच्या आतल्या गळतीची जबाबदारी उपविधींप्रमाणे त्या सदनिकाधारकाची असते.

प्रश्न : पाऊस जोरात असला की घरातली वीज एकदम जाते, मेन स्विच खाली पडतो. वायरमन म्हणतो बायपास करू. (कोल्हापूर)

बायपास करू देऊ नका. पडतो तो आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की सगळ्या घराची वीज तोडणारा स्विच. घरांसाठीचा ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडतो आणि माणसाचा जीव त्यानेच वाचतो. हात कोरडे, पायात चप्पल. सगळे एमसीबी (एकेका लाइनचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर. ज्याने पुन्हा पडेल त्या लाइनवर गिझर, वॉशिंग मशीन किंवा बाल्कनीतला दिवा असण्याचा संभव जास्त. सगळे एमसीबी खाली असतानाही तो पडत असेल तर सगळ्या पिना काढून पुन्हा पाहा. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रलमधली गळती त्याने थांबत नाही. बाल्कनीतल्या उघड्या पॉइंटला झाकणाची, पाणी न शिरणारी पेटी बसवून घ्या. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली नाही तर तो निकामी आहे, बदला.

प्रश्न : कपाटात कुबट वास, चामड्याच्या चपलांवर बुरशी. पैठण्यांची काळजी वाटते. (मुलुंड)

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर तीन इंच पुढे ओढा. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. बुरशी कोरडी झटकू नका, बीजं घरभर उडतात. मास्क लावून लाकडावर आणि लॅमिनेटवर पांढरं व्हिनेगर फडक्याने लावा, तासाभराने पुसा, पंख्याखाली सुकवा. ब्लीच वापरायचं तर त्यात व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू सुटतो.

पैठण्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून आजच काढा. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळा आणि सर्वांत वरच्या खणात ठेवा. उघडीप मिळाली की सावलीत वारा द्या, घडी बदला. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. ते खालच्या खणात सरळ ठेवा आणि पाणी भरलं की ओता, कारण ते पाणी सांडलं तर कपड्याला डाग पडतो.

ओले कपडे शयनगृहात वाळत घालत असाल तर तेही थांबवा. ती सगळी वाफ कपाटातच जाते.

प्रश्न : बाल्कनीत झाडं आहेत, पाणी कुठे साचू देत नाही, तरी डास. (पणजी)

डेंग्यूचा डास साध्या, स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवा. कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लँटची बाटली आणि फ्रिजच्या मागचा, कॉम्प्रेसरवरचा ट्रे रिकामे करायचे. ट्रे जवळपास प्रत्येक घरात विसरला जातो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, घासणीने घासा. बाल्कनीच्या जाळीत कोकोपीट अडकून पाणी तुंबतं, जाळी त्याच वेळी उचलून पाहा.

प्रश्न : जुलै ते सप्टेंबर आम्ही दोघं न्यू जर्सीला लेकीकडे जाणार. घर बंद राहील. (विलेपार्ले)

नहाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी अडून राहतं, तेच गटारातला वास आणि झुरळं अडवतं. घर बंद असलं की काही आठवड्यांत ते उडून जातं. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये मगभर पाणी आणि वर दोन चमचे खाण्याचं तेल ओता, तेलामुळे पाणी सावकाश उडतं. कमोडचं झाकण लावून वर प्लॅस्टिक घाला.

फ्रिज रिकामा करून बंद करा, दारात घडी घातलेला टॉवेल अडकवा. दार बंद राहिलं तर आत बुरशी धरते. कपाटांची दारं किलकिली ठेवा, गाद्या भिंतीपासून दूर उभ्या करा. रवा-डाळी कुणाला तरी देऊन टाका. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरवर टोपी लावा, पाइपचा गॅस असेल तर व्हॉल्व्ह बंद करा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि गिझरचा एमसीबीही बंद.

चावी शेजारी देणार असाल तर पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप असताना, समोरासमोरच्या खिडक्या दोन तास उघडायला आणि ट्रॅपमध्ये मगभर पाणी घालायला सांगा. आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो, हे त्यांच्या हातून एकदा करवून घ्या. वरच्या घरातून पाणी आलं तर फोन करायचा तो सोसायटीच्या प्लंबरचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.