डोळ्याखाली फिलरची गाठ आली असेल तर वरून आणखी भरू नका

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांखाली फिलर (खड्डा भरायचं जेलचं इंजेक्शन) घेतलं. आता डावीकडे मटाराच्या दाण्याएवढा उंचवटा आहे आणि त्यावर निळसर छटा. क्लिनिकवाले म्हणतात, गालात अर्धा मिली टाकू म्हणजे सगळं एकसारखं होईल. मैत्रीण म्हणते, विरघळवलंस तर स्वतःचा चेहराही विरघळेल. आणि पाच आठवड्यांवर मुलीचा साखरपुडा.

तो अर्धा मिली घेऊ नका, हे आधी सांगते. मी डॉक्टर नाही, पण या वाटेने जाऊन आले आहे. २०१९ साली डोळ्यांखालचा खड्डा भरला, मग त्याच्यापुढे गाल सपाट वाटला म्हणून गाल भरला, मग आणखी थोडं. दोन वर्षांत चार सिरिंज. एक दिवस नणंद म्हणाली, "वहिनी, झोप होत नाही का गं? डोळे किती सुजलेत!" थकलेले डोळे दिसू नयेत म्हणून मी पैसे मोजले होते.

असं का होतं? डोळ्याखालची कातडी फार पातळ असते. पारदर्शक जेल तिच्या अगदी खाली बसलं की प्रकाश विखुरतो आणि निळसर दिसतं. डॉक्टर याला टिंडाल परिणाम म्हणतात. शिवाय हे जेल पाणी ओढतं. माझी सूज सकाळी जास्त असायची, आणि आदल्या रात्री लोणचं-पापड झाला की विचारूच नका. तुम्हीही आठवडाभर पाहा. आणि "सहा महिन्यांत आपोआप जाईल" यावर विसंबू नका, डोळ्याखाली ते कित्येक वर्षं टिकलेलं आढळतं. चोळून आता काही होणार नाही. मसाजचा उपयोग झालाच तर पहिल्या काही दिवसांत, तोही डॉक्टरांच्या हातून.

आता सगळ्यात महत्त्वाचं: आत नेमकं काय भरलंय? क्लिनिककडून केसपेपर मागा. सिरिंजच्या पाकिटात लॉट नंबरचे स्टिकर असतात, त्यातला एक पेशंटला द्यायचा असतो. सहसा कोणी देत नाही, आपणही मागत नाही. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर (वर सांगितलेलं पाणी ओढणारं जेल) असेल तर ते औषधाने विरघळतं. कॅल्शियमचं, पॉलीलॅक्टिक अ‍ॅसिडचं, पीएमएमएचं (प्लास्टिकचे बारीक कण) किंवा सिलिकॉनचं असेल तर ते औषध त्याला शिवतही नाही. मग सुईने गाठ फोडणं, काही वेळा गाठीत स्टिरॉइड (डोळ्याखाली त्यानेही खळगा पडू शकतो), नाहीतर सरळ कापून काढणं, असे अवघड मार्ग उरतात. नावच कळत नसेल तर त्वचेची सोनोग्राफी करणारे रेडिओलॉजिस्ट गाठा. त्यात फिलर कुठे आणि किती खोल आहे ते दिसतं, बऱ्याचदा प्रकारही ओळखू येतो.

विरघळवणाऱ्या औषधाचं नाव हायल्युरोनिडेज, हे एक एन्झाइम आहे. घरात कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डोळ्याभोवतीच्या भुलीच्या इंजेक्शनात ते मिसळलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे हे काही ब्यूटीवाल्यांचं नवीन खूळ नाही. बाजारात मिळणारं पुष्कळसं मेंढ्या-बैलांच्या वृषणांपासून काढतात. कट्टर शाकाहारी असाल तर आधीच विचारून ठेवा.

मैत्रिणीच्या भीतीत थोडं तथ्य आहे. हे एन्झाइम आपलं-परकं ओळखत नाही, शरीरातलं मूळ हायल्युरॉनिक अ‍ॅसिडही तोडतं. पण ७० किलोच्या माणसात ते सुमारे १५ ग्रॅम असतं आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडून नवा बनतो, त्यामुळे मूळचं लवकर भरून येतं. चेहरा रिकामा वाटतो त्याचं खरं कारण वेगळं असतं. वर्षभर भरलेला गाल बघायची आपल्याला सवय झालेली असते. मी तर आठवडाभर आरसा टाळला होता.

माझं झालं ते असं: अ‍ॅलर्जी येते का ते बघायला आधी हातावर थोडं टोचून अर्धा तास थांबवलं. मधमाशी चावून कधी मोठी अ‍ॅलर्जी झाली असेल तर हे आवर्जून सांगा, कारण तिच्या विषातही हेच एन्झाइम असतं. मग डोळ्याखाली बारीक सुईने अगदी थोडं औषध. झोंबतं, चांगलंच झोंबतं. त्या संध्याकाळी मी आधीपेक्षा वाईट दिसत होते. उर्फी जावेदने जुलै २०२५ मध्ये ओठांचं फिलर विरघळवल्याचा व्हिडिओ टाकला होता, तो पाहून घाबरला असाल तर ती सूज इंजेक्शनची होती, उतरते. दोन दिवसांत माझी गाठ निम्म्याहून कमी झाली. दोन आठवड्यांनी उरलेल्यासाठी पुन्हा थोडं. थोडं देऊन थांबणारा डॉक्टर निवडा, एका दमात सगळं साफ करणारा नको. डर्मेटॉलॉजिस्ट किंवा प्लास्टिक सर्जन, ज्यांनी डोळ्याखालचं स्वतः विरघळवलेलं आहे असे.

गाठ लाल, गरम, दुखरी असेल तर मात्र विरघळवायची घाई नको. ते इन्फेक्शन असू शकतं आणि हे औषध ते पसरवू शकतं. आधी अँटिबायोटिक लागतात. आणि पुढे कोणीही फिलर घेतलं नि कातडी पांढरी पडली, जाळीसारखे जांभळे डाग उठले, जबर दुखलं किंवा दिसायला कमी झालं, तर रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते. तेव्हा "उद्या दाखवू" चालत नाही, त्याच तासाला निघायचं.

साखरपुड्याचं गणित: याच आठवड्यात दाखवा, जमलं तर पहिला डोस घ्या. दोन आठवड्यांनी गरज असेल तर दुसरा. त्यानंतरही काळंनिळं उतरायला पुरेसे दिवस हातात राहतात. समारंभाआधी पुन्हा भरायचा मोह टाळा, कोणी पॅकेज म्हणून देऊ केलं तरी. त्या दिवशी डोळ्याखाली जरा खोलगट दिसलंच तर कन्सीलरने भागतं. उंचवट्याचं तसं नाही, फोटोग्राफरचा लाइट वरून आला की कितीही थापलं तरी त्याची सावली पडते.