सामाजिक संस्थांसाठी डेटा स्ट्रॅटेजी सल्लागार व्हायचं, तर मशीन लर्निंग शिकावं का?

तुम्ही डेटा अ‍ॅनालिस्ट आहात आणि सामाजिक संस्थांना सल्ला देण्याकडे वळण्याआधी मशीन लर्निंगचा कोर्स करावा का, असं विचारताय. माझ्या मते आत्ता नको. या कामात डेटावरून अंदाज वर्तवणारं मॉडेल बांधायची वेळ क्वचित येते. बहुतेक दिवस फॉर्म, नोंदवह्या आणि एक्सेलच्या फायली वाचण्यात जातात.

संस्था बोलावते ती बहुधा ‘डॅशबोर्ड हवाय’, म्हणजे सगळे आकडे एका पडद्यावर दिसायला हवेत, म्हणून. होकार देण्याआधी विचारा की येत्या सहा महिन्यांत कोणते निर्णय घ्यायचेत, ते कोण घेणार आणि कधी. पाच-सहा निर्णय हाती आले तरी पुष्कळ. प्रत्येकासमोर लागणारा आकडा लिहा, तो आज कुठून येतो आणि हातात पडेपर्यंत किती जुना होतो तेही लिहा. मग डेटाची यादी करा: कुठली फाइल, कोण भरतं, कोणाला उघडता येते, वैयक्तिक माहिती आहे का, ती कधी पुसायची. ही यादी प्रत्यक्ष नोंद करणाऱ्यांसोबत बसून करा. व्यवस्थापक सांगतात तो फॉर्म कसा भरायला हवा ते. कसा भरला जातो ते फिल्डवरच्या माणसालाच ठाऊक असतं.

खरी गफलत तिथेच सापडते. ‘विचारलं नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘शून्य’ या तिन्हींसाठी रकाना रिकामाच सोडलेला असतो, मग सरासरीला काही अर्थ उरत नाही. एकच बाई दोन उपक्रमांत वेगवेगळ्या स्पेलिंगने नोंदली जाते आणि लाभार्थ्यांची संख्या फुगते. नाव आणि मोबाइल नंबर जुळवून हे सुटत नाही, कारण नंबर बदलतात आणि एकच फोन अख्खं घर वापरतं. नोंदणीच्या वेळीच प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र ओळख क्रमांक द्या आणि सगळ्या उपक्रमांत तोच चालवा. फॉर्ममधला जो प्रश्न कुठल्याच निर्णयाला, कायद्याला किंवा देणगीदाराच्या अहवालाला लागत नाही, तो काढा. ‘कधीतरी लागेल’ हे उत्तर हमखास येतं. ते मान्य करू नका.

गोपनीयतेत नुसती नावं काढून भागत नाही. संगणकशास्त्रज्ञ लाटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं की पाच अंकी पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येण्याजोगे होते. म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, भाग मोठा धरा आणि अगदी लहान, म्हणजे पाचाच्या आतले आकडे झाका. तक्त्यात त्याच ओळीतला आणखी एक आकडाही झाकावा लागतो, नाहीतर बेरजेतून वजाबाकी करून पहिला लगेच कळतो. हे भल्याभल्या अहवालांतून निसटतं.

करार दोन टप्प्यांत करा: आधी यादी आणि आराखडा, सॉफ्टवेअर नंतर. देणगीदार उभारणीला पैसे देतात, देखभालीला हात आखडता घेतात. त्यामुळे तुम्ही गेल्यावर हे कोण चालवणार, त्या माणसाचं नाव आणि प्रशिक्षणाचे तास करारातच घाला. सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून कमिशन घेऊ नका, तुमच्या सल्ल्याची किंमत तिथेच संपते.

शिकायचंच असेल तर एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, पक्की करा, सर्वेक्षणाचे प्रश्न लिहायला आणि नमुना निवडायला शिका, कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके या फिल्डवर माहिती गोळा करायच्या साधनांवर एक फॉर्म स्वतः बांधा. मग एखाद्या छोट्या संस्थेचा एकच फॉर्म सुधारून द्या. जुना फॉर्म, नवा फॉर्म आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारा तक्ता, एवढं पहिलं काम मागताना दाखवायला पुरतं.